उत्तरार्धातली गोलकीपर

क्लबच्या मुली दर ऑगस्टमध्ये एका दुपारपुरत्या मुद्दाम मठ्ठ होत असत.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकीला संगणकासमोर बसवून तिच्या मेंदूची चाचणी घेतली जाई. पडद्यावर शब्द उमटत आणि विरत, आकृत्या येत आणि जात. मग विचारलं जाई की यातलं काय आधी दिसलं होतं आणि काय नव्हतं. हेतू उदात्त होता. पुढे कधी डोक्याला मार बसलाच, तर तीच चाचणी पुन्हा घ्यायची, दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे, आणि घसरण दिसली तर मुलीला मैदानाबाहेर बसवायचं. ही पद्धत ज्यांनी शोधली त्यांनी मानवी मेंदूचा सखोल अभ्यास केला होता; सोळा वर्षांच्या मुलीचा मात्र केला नसावा. घसरण दिसू नये असं वाटत असेल तर मुळात उंचावर चढूच नये, हा निष्कर्ष ओहायोतल्या सॉकर खेळणाऱ्या मुलींनी कोणत्याही संशोधनाविना काढला होता. थोरल्या मुली धाकट्यांना तो सांगत. प्रशिक्षकांना तो ठाऊक होता, पालकांना ठाऊक होता, आणि ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्यांच्याबद्दल सभ्य समाजात बोललं जात नाही.

टीगन प्रुइटला हा मठ्ठपणा सर्वांत जड गेला. ती गोलकीपर होती, आणि तिची स्मरणशक्ती हा संघातल्या थट्टेचा विषय होता. प्रतिस्पर्धी संघातली कोणती मुलगी पेनल्टी कशी घेते, कोणत्या पायानं, कोणत्या कोपऱ्यात, हे एकदा पाहिलं की ते तिच्या डोक्यात कायमचं राही. तिनं ते कधी कुठे लिहून ठेवलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. एका संघात गोलकीपर दोन असतात, आणि जागा एकच असते.

चाचणीच्या दिवशी घरी परतताना गाडीत ती आईला म्हणाली, "ए मॉम, सगळं आठवत होतं गं मला. शिडी, मध, खिडकी, कंदील. बाईंनी विचारलं तर मी सांगितलं, मांजर!"

"मांजर होतं का त्यात?"

"नव्हतंच ना! तीच तर गंमत."

"माझ्या पोटी हे असलं गाढव कसं जन्माला आलं देव जाणे," रोंडा म्हणाली, आणि नदीकाठच्या रस्त्यानं दोघी हसत घरी गेल्या.

रोंडा प्रुइट ओहायो नदीकाठच्या एका गावात टायरच्या दुकानात काउंटरवर बसे. गावात पूर्वी पोलादाचा कारखाना होता. आता कारखान्याच्या जागी कारखान्याचं स्मारक होतं. तिथून कोलंबसच्या उपनगरातल्या क्लबपर्यंत मुलीला सरावासाठी नेणं आणि परत आणणं हे तिचं दुसरं काम होतं. क्लबची फी ती भरत नसे. ती 'संधी निधी'तून भरली जाई, आणि त्या निधीचं उगमस्थान होतं ग्रँट हॉलिंगर. त्यांचं नाव क्लबच्या बंदिस्त सराव-मैदानाच्या दर्शनी भिंतीवर होतं आणि त्यांची मुलगी कॅम्बेल संघाची पहिली गोलकीपर होती.

हॉलिंगर यांच्या दातृत्वाची टिंगल करण्याचं कारण नाही; ते खरंच दाते होते. फक्त या दानाची रचना समजून घेतली पाहिजे. विद्यापीठांचे प्रशिक्षक आपल्या संघासाठी मुली निवडायला वरच्या गटातले सामने पाहतात. वरच्या गटात टिकण्यासाठी संघाला सामने जिंकावे लागतात. कॅम्बेल चांगली गोलकीपर होती, पण सामने वाचवत असे टीगन. म्हणजे कॅम्बेलला कुणीतरी पाहावं यासाठी टीगन मैदानात असणं आवश्यक होतं. पूर्वार्धात कॅम्बेल, उत्तरार्धात टीगन, असा क्रम होता. तो कुणी ठरवला होता हे कुणालाच आठवत नव्हतं, आणि तो कधीही बदलला नव्हता.

त्या मार्चमध्ये इंडियानात मोठी स्पर्धा होती. जिथे पूर्वी मका होता तिथे आता मैदानांमागून मैदानं होती, आणि प्रत्येकाच्या कडेला, खेळाडूंच्या बाजूला, घडीच्या खुर्च्यांवर विद्यापीठांचे प्रशिक्षक आपापल्या टोप्या घालून बसलेले. समोरच्या कडेला पालक, त्या टोप्यांकडे पाहत नसल्याचा अभिनय करत. पालकांनी आपली रेषा ओलांडायची नाही, असा कडक नियम होता. ओलांडली तर सामना तिथेच थांबतो आणि त्या संघाच्या नावावर हार लागते. वर्षानुवर्षांच्या आरडाओरडीनंतर आणि एका बापानं पंचाच्या थोबाडीत मारल्यानंतर तो नियम आला होता, आणि आता सगळे तो देवळातल्यासारखा पाळत.

टीगनसाठी या स्पर्धेत एकच टोपी महत्त्वाची होती, कोच वेलमन यांची. त्यांनी स्वतः टीगनला कळवलं होतं की रविवारी तुझा उत्तरार्ध पाहायला मी येते. त्यांच्या विद्यापीठाला दर वर्षी एकच गोलकीपर हवी असे. या बाबतीत त्यांची विचारसरणी निर्दय नव्हती, केवळ अंकगणिती होती. जिचा बाप फी भरू शकतो तिच्यावर शिष्यवृत्ती खर्च होत नाही, आणि वाचलेली शिष्यवृत्ती देऊन एखादी गोल करणारी मुलगी आणता येते. दोघी सारख्याच चांगल्या असतील तर हॉलिंगरांची मुलगी स्वस्त पडते. टीगनला सारखं असून चालणार नव्हतं. तिला इतकं वरचढ असावं लागणार होतं की हिशेब करणाऱ्याला हिशेबाची लाज वाटावी.

कॅम्बेलसाठी ही स्पर्धा अनेकांपैकी एक होती. फ्लोरिडा झालं होतं, ॲरिझोना व्हायचं होतं. तिच्या प्रत्येक झेपेचं चित्रण करणारा माणूस पगारी होता. वेलमनबाईंच्या उन्हाळी शिबिरालाही ती दोनदा जाऊन आली होती. फी भरली की तिथे प्रशिक्षक तुम्हाला नावानं ओळखू लागतात. टीगनकडे रविवार होता.

शनिवारच्या सामन्यात, उत्तरार्धात, एका उंच चेंडूसाठी टीगन पुढे झेपावली आणि धावत येणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानामागे बसला.

चेंडू तिनं सोडला नव्हता. ती तशीच पडून राहिली, चेंडू पोटाशी धरून. मग उठली, हात वर करून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाली. पलीकडच्या कडेवरून रोंडाला तिचे ओठ हलताना दिसले. आपण कधी उभ्या राहिलो हे तिला कळलं नव्हतं. बूट रेषेला टेकलेले होते.

सामना संपल्यावर क्लबच्या फिजिओनं, मार्कसनं, टीगनला तंबूत बसवून टॅबलेटवर चाचणी घेतली. नियमाप्रमाणे ऑगस्टचा निकाल शेजारी ठेवला.

"अरे वा," तो म्हणाला. "ऑगस्टपेक्षा जरा बरा आलाय की. टीगन, तुला गुडघा मानवलेला दिसतोय!"

तंबूतल्या सगळ्या मुली हसल्या. टीगनही हसली. रोंडा हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

कारण ऑगस्टमध्ये टीगननं मांजर मुद्दाम सांगितलं होतं. आज तिला सगळं खरं सांगायचं होतं. तिनं सगळं खरं सांगितलं होतं, आणि तरी निकाल जरा बरा, एवढाच आला होता.

गाडीत बसल्यावर रोंडानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या चाचणीत आज मांजर वगैरे नाही ना सांगितलंस?"

"कसलं मांजर?"

"अगं, ऑगस्टमध्ये. आपण हसलो नव्हतो का?"

टीगन खिडकीबाहेर पाहत राहिली. "हां. ते होय," ती म्हणाली. तिला ते आठवलेलं नव्हतं. आईला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली होती, हे रोंडाला कळलं. आईला बरं वाटावं म्हणून खोटं बोलताना टीगनचा आवाज लहानपणापासून असाच एक पायरी वर चढत असे.

रविवारी सकाळी हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत संघाची गर्दी होती. तिथे वॅफल भाजण्याचं एक यंत्र होतं. पीठ ओतायचं, झाकण उलटवायचं, पिपाणी वाजली की काढायचं. टीगननं पीठ ओतलं. मग पुन्हा पेला भरून आणला, झाकण उघडलं, आणि त्याच पिठावर पुन्हा ओतलं. पीठ यंत्राच्या कडांवरून ओघळत खाली आलं.

"टी, भुकेली आहेस की बांधकाम काढलंयस?" कॅम्बेल ओरडली.

"डबलडेकर आहे तो," टीगन म्हणाली. "तुला नाही देणार."

पुन्हा हसू. तेवढ्यात यंत्राची पिपाणी वाजली आणि टीगननं दोन्ही डोळे घट्ट मिटले. क्षणभरच. ते पाहणारी खोलीत दोनच माणसं होती. एक रोंडा. दुसरे कॉफीचा पेला घेऊन तिच्या टेबलाकडे येत होते.

"रोंडा, बसू का मी?"

"बसा ना, मिस्टर हॉलिंगर."

"ग्रँट म्हणा हो. किती वर्षं सांगतोय." ते बसले. उंच, नीटस, मृदू आवाजाचे गृहस्थ; आपला आवाज कधी चढवावा लागलाच नाही अशा माणसाचा तो मृदूपणा. "टीगनला आज खेळवू नका."

रोंडानं यंत्राजवळच्या टीगनकडे पाहिलं.

"मी मुलीचा बाप म्हणून सांगतोय. तिचं काहीतरी ठीक नाही. मी पाहिलं आत्ता."

"काल चाचणी झाली. पास झाली ती."

"रोंडा." त्यांनी पेला खाली ठेवला. "त्या चाचणीत मुली काय करतात ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तर कॅम्बेलची आम्ही वेगळी करून घेतली. क्लीव्हलंडला एक डॉक्टर आहेत. खरीखुरी चाचणी, सबंध दिवसाची. म्हणजे उद्या काही झालंच तर ती मुळात कशी होती हे आपल्याकडे असावं."

रोंडा त्यांच्याकडे बघत राहिली. कॅम्बेलच्या चाचण्या दोन होत्या. एक खोटी, खेळता यावं म्हणून. एक खरी, जगता यावं म्हणून. दोन ठेवण्याची गोष्ट आपल्या मनात कधी का आली नाही, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी का आली नाही तेही कळलं.

"तुम्ही म्हणाल तर त्याच डॉक्टरांकडे टीगनची वेळ मी घेतो," हॉलिंगर म्हणाले. "याच आठवड्यात. खर्चाचं मनातसुद्धा आणू नका."

"आणि आजची मॅच?"

"ती काय, कॅम्बेल खेळेल पूर्ण."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यात डाव असणं शक्य नव्हतं. म्हणूनच रोंडाला तो डाव वाटला. पूर्ण सामना कॅम्बेल. वेलमनबाई खुर्चीत. टीगन बाकावर, डोक्याला बर्फ लावून. हा माणूस खरं बोलत होता, आणि त्या खऱ्यातून त्याचाच लाभ होत होता. आयुष्यभर ज्याचा प्रत्येक सल्ला त्याच्याच पथ्यावर पडत आला, त्याचा एखादा सल्ला केवळ सल्ला आहे हे समोरच्यानं ओळखायचं तरी कशावरून?

"माझ्या मुलीचं मी बघते," ती म्हणाली. "तुमच्या मुलीला सांगा, पूर्वार्धात नीट खेळ म्हणावं."

हॉलिंगर उठले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि तेच रोंडाला सहन झालं नाही.

मैदानावर वारा होता. वेलमनबाई आल्या, खुर्ची उघडून बसल्या, गुडघ्यावर पांघरूण घेतलं. पूर्वार्धात कॅम्बेल चांगली खेळली. दोन चेंडू तिनं सुरेख अडवले. रोंडाला त्यातलं काही दिसलं नाही. ती समोरच्या बाकावर बसलेल्या टीगनकडे पाहत होती. टीगन हातमोजा घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात.

आत्ता जाऊन सांगावं. रोंडानं ते मनात अनेकदा म्हणून पाहिलं. फिजिओला सांगायचं की ऑगस्टचा निकाल खोटा आहे. सगळ्यांचेच खोटे आहेत. मग सगळ्याच मुलींच्या आया तिच्याकडे वळून पाहतील. वेलमनबाई खुर्ची मिटतील. आणि टीगनला कदाचित काहीच झालेलं नसेल. एखादी मुलगी पिठावर पीठ ओतते, म्हणून काय तिचं सगळं आयुष्य खुर्चीसारखं मिटून ठेवायचं? पण झालेलं असेल तर? डोक्याला दुसरा मार लगेच बसला तर काय होतं हे तिनं एकदा वाचायला घेतलं होतं आणि शेवटपर्यंत वाचायचा धीर झाला नव्हता.

मध्यंतर संपलं. संघांनी बाजू बदलल्या. टीगन मैदानात आली, उड्या मारत, हात झटकत, नेहमीसारखी. आणि धावत विरुद्ध टोकाच्या गोलाकडे गेली. पूर्वार्धात तो त्यांचा होता. आता तिथे दुसऱ्या संघाची गोलकीपर उभी होती.

"टी! अगं बये, इकडे!" कॅम्बेल बाकावरून ओरडली. "तिकडे काय, नोकरी बदललीस का?"

दोन्ही कडांवरून हशा उठला. टीगन थांबली. वळली. तिनंही हसून हात वर केला आणि मोठ्या थाटात कमरेत वाकून सगळ्यांना अभिवादन केलं. वेलमनबाईसुद्धा हसल्या. विनोदी मुलगी, संघात अशी एक असावी.

पण वाकण्याआधीचा एक क्षण रोंडानं पाहिला होता. टीगन मैदानाच्या मधोमध उभी होती, आणि पालकांच्या रांगेवरून तिचे डोळे फिरत होते, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर. आईच्या चेहऱ्यावरून ते तसेच पुढे गेले. थांबले नाहीत.

पंचानं शिट्टी तोंडाशी नेली. रोंडा तोवर रेषा ओलांडून आत गेली होती. पुढचं पाऊल टाकताना कुणीतरी तिचा कोट मागून धरला, "ओ बाई, कुठे? सामना जाईल!" आणि कोट सुटला. ती चालत राहिली. धावली नाही, धावली असती तर टीगन घाबरली असती. हिरव्या गवतावर टायरच्या दुकानातले काळे बूट घालून एक बाई चालत निघालेली पाहून बावीस मुली जागच्या जागी थांबल्या. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, मग वाजतच राहिली. त्या प्रत्येक शिट्टीला टीगन डोळे मिटत होती.

"मॉम, मागे जा," ती पुटपुटली. "मॉम, प्लीज. त्या बघताहेत."

"बघू देत."

"मी ठीक आहे गं."

"कोपरा सांग. त्यांची दहा नंबर पेनल्टी कुठे मारते?"

टीगननं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

समोरच्या कडेला वेलमनबाईंनी पांघरुणाची घडी केली, खुर्ची मिटली, आणि घड्याळ पाहून शेजारच्या मैदानाकडे निघाल्या. नियमाप्रमाणे हार नोंदवली गेली. त्या सामन्यात वेलमनबाईंनी जेवढं पाहिलं तेवढ्यात गोलकीपर एकच होती.

घरी जाताना टीगन म्हणाली, "तू माझं सगळं संपवलंस, कळतंय का तुला? सगळं." आणि खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. रोंडानं ते ऐकून घेतलं. ऐकून घ्यायचं तिनं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला हातात घेऊन टीगन म्हणाली, "तू माझं सगळं संपवलंस, कळतंय का तुला? सगळं." तेच शब्द, त्याच चालीत, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखे. ते ऐकून घ्यायचं रोंडानं ठरवलेलं नव्हतं.

हॉलिंगर शब्दाला जागले. क्लीव्हलंडच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी घेतली, खर्च भरला, आणि फळांची करंडी पाठवली. पुढच्या हंगामासाठी निधीचे लाभार्थी नव्यानं निवडले जातील असं क्लबनं कळवलं, तेही सौम्य शब्दांत. कॅम्बेलला वेलमनबाईंकडे जागा मिळाली. या सगळ्यात कुणीही कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. आमच्या या व्यवस्थेचा तोच तर मोठेपणा आहे. ती चालायला दुष्ट माणसं लागत नाहीत.

डॉक्टरांनी टीगनला तपासलं, तिला बाहेर बसवलं, आणि रोंडाला विचारलं, "मार बसण्याआधीची चाचणी आहे का काही?"

"आहे."

"उत्तम." त्यांनी ती पडद्यावर शोधली. चेहरा उजळला. "हे बघा, आहे तशीच आहे हो मुलगी. काही फरक नाही."

"ती खोटी आहे," रोंडा म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. असं सांगणारी ती पहिली आई नसावी. "मग आधी ती कशी होती हे मी कशावरून ठरवू?"

"मी सांगते ना. हुशार होती ती. एकदा पाहिलं की विसरायची नाही."

"तुमच्यावर विश्वास आहे माझा," ते म्हणाले. "पण त्याच्याशी ताडून बघता येत नाही. किती गेलं आणि किती परत आलं, हे आता आपल्याला कळणार नाही. वाट बघायची."

एप्रिल उजाडला. डोकेदुखी कमी झाली. टीगन शाळेत जाऊ लागली, अर्धा दिवस. संध्याकाळी रोंडा स्वयंपाकघरात बटाटे सोलत असे आणि टीगन टेबलाशी बसलेली असे, दिवा मंद करून, कारण उजेड अजून टोचत होता.

"डेटनवाल्यांची नऊ नंबर?" एका संध्याकाळी रोंडानं पाठ न वळवता विचारलं.

"डावीकडे, खाली," टीगन ताबडतोब म्हणाली. "धावायच्या आधी बूट घासते जमिनीवर."

रोंडाच्या हातातला बटाटा हातातच राहिला. त्या रात्री खूप दिवसांनी तिला झोप लागली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. एकदाच, खात्री करायला. "डेटनवाल्यांची नऊ नंबर?"

"उजवीकडे, वर," टीगन म्हणाली. तितक्याच झटकन, तितक्याच ठामपणे. "बरोबर ना?"

रोंडाला कोपरा ठाऊक नव्हता. तो फक्त टीगनला ठाऊक होता.

टीगन वाट पाहत होती. तिचे डोळे आईच्या चेहऱ्यावर थांबले होते.

"बरोबर," रोंडा म्हणाली. तिचा आवाज एक पायरी वर चढला होता.